कादंबरी कोणाच्या मराठीत बोलते?

बाणभट्टाच्या एका संस्कृत कथेचे नाव मराठीने सबंध वाङ्मयप्रकारालाच देऊन टाकले. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मुलांना शाळेत त्यालाच ‘उपन्यास’ म्हणावे लागते, बडोद्याच्या मुलांना ‘नवलकथा’. बेळगावात मात्र मराठीचा आणि कन्नडचा शब्द एकच, कादंबरी. हा योगायोग मला आवडतो, कारण मराठी कादंबरीच्या आरंभात बेळगावकडच्या माणसांचा वाटा मोठा आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी जन्माने बेळगावचे आणि ‘मोचनगड’ (१८७१) लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर त्याच जिल्ह्यातल्या जांबोटीचे.

पहिली कादंबरी विधवांच्या हालअपेष्टांवर, दुसरी शिवकालावर. दोहोंच्या मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) येते, ती अद्भुतरम्य. म्हणजे सामाजिक, ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य हे तीन प्रकार पंधरा वर्षांच्या आत उभे राहिले. पुढे त्यांत प्रादेशिक, ग्रामीण, मनोविश्लेषणात्मक, पौराणिक, दलित अशी भर पडत गेली. ही वर्गवारी ग्रंथपालाला सोयीची असते, कारण ती विषयावरून केलेली आहे. वाङ्मयीन चळवळी मात्र विषयावरून नीट ओळखू येत नाहीत. त्यासाठी मी एक साधा प्रश्न विचारतो : ही गोष्ट कोणाच्या मराठीत सांगितली आहे?

‘मुक्तामाले’ची भाषा शास्त्रीबुवांची, संस्कृतप्रचुर. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापायला घेतली, तेव्हा गोष्ट सांगायला बसली ती यमू. लेखक पुरुष, पण निवेदन माजघरातल्या बाईचे, तिच्या घरगुती बोलण्यातले. विधवेचे दुःख पदमनजींनी तेहतीस वर्षे आधीच मांडले होते, त्यामुळे विषय नवा नव्हता. नवी होती ती बोलणारी. मराठीतल्या वास्तववादाची खरी सुरुवात मी इथून धरतो.

त्यानंतरचा गाजलेला वाद फडके-खांडेकरांचा, कलेसाठी कला की जीवनासाठी. आमच्या घरच्या कपाटात दोघेही शेजारी-शेजारी होते आणि वडीलधारी मंडळी त्यांच्यावरून जेवताना भांडत. आज वरच्या प्रश्नाने पाहिले तर ते शेजारीच शोभतात. फडक्यांची मराठी गुळगुळीत, खांडेकरांची उपमांनी लगडलेली, पण दोन्ही पुस्तकीच. त्याच काळात विभावरी शिरूरकरांनी शिकलेल्या मुलीच्या मनातले बोलायला सुरुवात केली आणि मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये (१९४२) संज्ञाप्रवाह आणून वाक्याची घडीच मोडली. मर्ढेकरांची ती कादंबरी आमच्या कपाटात नव्हती. तुमच्याही बहुधा नसावी.

स्वातंत्र्यानंतर प्रादेशिक कादंबरी आली. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) कोकणातली, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातली. दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत. तरी ‘बनगरवाडी’ सांगतो कोण? बाहेरून आलेला तरुण मास्तर. धनगर बोलतात आपल्या बोलीत, पण मास्तर आपल्याशी बोलतो शाळेच्या मराठीत. म्हणजे बोली कादंबरीत आली, पण अवतरणचिन्हांच्या आत राहिली.

ती चिन्हे गळून पडायला वेळ लागला. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या तोंडून पुस्तकी निवेदनाची टर उडवली, पुढे त्यांनीच देशीवाद मांडला. माझ्या लेखी मात्र निर्णायक पुस्तक आनंद यादवांचे ‘गोतावळा’ (१९७१). शेतावर राबणारा नारबा सबंध कादंबरी आपल्याच ग्रामीण बोलीत सांगतो. ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि हे सारे त्याच्या शब्दांबाहेरच्या एकाही शब्दाने आपल्याला कळत नाही. शहरी वाचकाला पहिली वीस पाने अडखळायला होते. अडखळावे. नारबालाही आपली मराठी वाचताना असेच झाले असते.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९) कोणत्या खणात ठेवायची, यावर ग्रंथालयांत एकमत नसते. ग्रामीण, ऐतिहासिक, दलित, तिन्ही पाट्या तिला लागतात. दलित चळवळीने पुढे कादंबरीपेक्षा कविता, कथा आणि आत्मकथन जवळ केले. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने आहेत. ज्याला आजवर कोणी बोलू दिले नाही, त्याने काल्पनिक निवेदक कशाला शोधावा?

आता आपल्याकडे येऊ. राजन गवस यांची ‘चौंडकं’ सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेल्या मुलींची गोष्ट सांगते. ती सीमाभागाच्या अगदी लगतची. महाबळेश्वर सैल यांच्या ‘तांडव’मध्ये पोर्तुगीज काळातल्या गोव्यातली धर्मांतरे आहेत. म्हणजे विषय म्हणून आपला मुलूख कादंबरीत आलेला आहे. पण आपली मराठी? बेळगावची बोली सर्वांना ठाऊक झाली ती पु. ल. देशपांड्यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रामुळे. ते फार जिव्हाळ्याने लिहिलेले आहे, तरी लोक ती बोली ऐकतात ती हसण्यासाठी. आणि इंदुरात आपण ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हणतो, ते तर पुण्याचा पाहुणा घरी आला की आपण स्वतःच सुधारून घेतो. शाळेत मराठीच्या बाईंनी माझ्या निबंधातले ‘पाऊस पडून राहिला होता’ लाल शाईने खोडले होते. मी ते दुरुस्त केले आणि पुढे कधी लिहिले नाही.

चार पिढ्या हिंदीच्या शेजारात काढलेल्या घराची कादंबरी मीही एकदा लिहायला घेतली होती. वाडा, दसऱ्याची सवारी, मध्य भारताचे मध्य प्रदेश झाले ते वर्ष, सगळे होते. सुमारे चाळीस पाने झाल्यावर वाचून पाहिली. निवेदन सगळे पुणेरी. आजी तेवढी ‘दूध उतू जाऊन राहिलं बघ’ म्हणत होती, अवतरणचिन्हांत. वही तिथेच थांबली आहे.