प्रश्न सांध्याचा आहे

१९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेली दोन व्हॉयेजर याने सौरवाऱ्याचा प्रदेश केव्हाच मागे टाकून गेली आहेत. पहिल्या यानाने ती सीमा २०१२ साली ओलांडली, दुसऱ्याने २०१८ साली. सूर्यप्रकाश तेथे इतका क्षीण की त्यावर यानापुरती वीज मिळणे अशक्य. ही याने जगली ती प्लुटोनियमच्या उबेवर. या किरणोत्सारी द्रव्याची उष्णता सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या मिश्रणाच्या कांड्यांच्या एका टोकाला द्यायची, दुसरे टोक थंड राखायचे, आणि तापमानाच्या फरकातून थेट वीज काढायची. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलेल्या परिणामाचाच हा उपयोग. वाफ नाही, चक्र नाही, वंगण नाही. फिरणारे काही नाही म्हणून झिजणारेही काही नाही, असे या जनित्राचे कौतुक केले जाते.

या कौतुकातील उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावयास हवा. प्रत्येक व्हॉयेजरवर प्रारंभी सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती. २०११ च्या ऑक्टोबरात ती २६८ वॅटच्या आसपास, म्हणजे मूळच्या ५७ टक्क्यांवर आली. प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षांचे. त्या हिशेबाने ३४ वर्षांनी ७६ टक्के उष्णता शिल्लक उरते. मग मधली वीज गेली कुठे? काही घट तापमान उतरल्यामुळे झाली, उरलेली कांड्यांच्या जीर्णतेमुळे. हजार अंशांच्या टोकाशी हे मिश्रण हळूहळू उडून जाते, म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा लेप दिलेला होता; आत मिसळलेले फॉस्फरसही कालांतराने वेगळे पडते. यंत्रात काही फिरत नसले तरी अणू फिरतात.

ही अणूंची भटकंती विशेष घातक ठरते ती सांध्यात. कांडी अर्धवाहकाची आणि वीज वाहून नेणारी पट्टी तांब्याची. दोन्ही वर्षानुवर्षे तापत एकमेकांना चिकटून राहिली की तांबे कांडीत शिरते, डाखातले कथील टेल्युरियमशी संयोग पावते, आणि सांध्याचा विद्युत्-रोध वाढत जातो. आपल्या घरात असला प्रश्न एके काळी कल्हईवाला सोडवीत असे. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, म्हणून मध्ये कथिलाचा पातळ थर. जनित्रातल्या रोधक थराचे काम तेच, पण अटी फार कडक. वीज आणि उष्णता यांना त्याने दार सताड उघडे ठेवायचे आणि अणूंना मात्र मज्जाव करायचा. शिवाय तापल्यावर त्याने कांडीइतकेच फुगले पाहिजे. नाही तर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत सांध्याला तडे जातात.

बिस्मथ टेल्युराइडच्या कांड्यांवर निकेलचा, केसाहून किती तरी पातळ थर देण्याची पद्धत रूढ आहे. तो तांब्याला व कथिलाला बराच काळ थोपवितो. परंतु तापमान चढले की निकेल स्वतःच टेल्युरियमशी सोयरीक जुळविते. पहारेकरीच घरात शिरावा तसा प्रकार. पाचशे-सहाशे अंशांसाठी जी कोबाल्ट अँटिमनाइडची कांडी वापरतात, तिची अडचण आणखी बिकट. मॉलिब्डेनम अँटिमनीशी सहसा झगडत नाही, पण तापल्यावर ते कांडीच्या जवळजवळ निम्मेच प्रसरण पावते. टिटॅनियमचे प्रसरण बरेच जुळते, तर ते अँटिमनीशी संयोग पावून ठिसूळ थर वाढविते. म्हणूनच टिटॅनियममध्ये ॲल्युमिनियम किंवा मॉलिब्डेनममध्ये तांबे मिसळून तडजोड शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. सर्वगुणसंपन्न धातू येथे मिळत नाही. कोणता दोष किती वर्षे सोसता येईल, एवढेच ठरवायचे असते.

तरीही बोलबाला होतो तो कांडीच्या द्रव्याचा. नव्या संयुगाचा गुणांक थोडा वर गेला की त्याचा गाजावाजा. सांधा किती काळ टिकला, हे विचारतो कोण? कारखान्याच्या धुराड्यावर असे जनित्र बसवू पाहणाऱ्याला पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा पाचव्या वर्षाचा आकडा हवा असतो.

तो मिळविणे सोपे नाही. अणू सावकाश शिरत असतील तर संयुगाचा थर दुप्पट जाड व्हायला सामान्यतः चौपट काळ लागतो. वर्षाचे तास ८,७६०. दहा वर्षे थांबण्याऐवजी जादा तापमानावर चाचणी घेऊन भविष्य वर्तविता येते; मात्र जादा तापमानावर एखादी निराळीच अभिक्रिया सुरू झाली तर ते सारे भाकीत खोटे ठरते. तेव्हा प्रत्यक्ष कामाच्या तापमानावर काही नमुने वर्षानुवर्षे तापत ठेवण्याला पर्याय उरत नाही. दर मार्चअखेर अनुदानाचा हिशेब मिटविणाऱ्या आपल्या पद्धतीत ती भट्टी पेटती कोण ठेवणार?