वाढत्या संकेतस्थळाने बिऱ्हाड केव्हा हलवावे?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता राज्य मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला. कोविडमुळे त्या वर्षी परीक्षा झाली नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनावरून दिले होते. तरी उत्सुकता तेवढीच. पंधरा लाखांहून अधिक मुलांचा निकाल एकाच घटकेला लागला आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. मंडळाचा पसारा मोठा. पण प्रवेशयादीच्या दिवशी शाळा-महाविद्यालयांच्या लहान संकेतस्थळांवरही हेच घडते. मग कोणीतरी सुचवते, ‘स्वतंत्र सर्व्हर घ्या.’ त्याचा खर्च कित्येक पटींनी जास्त. तो केव्हा करावा?

लहान संस्थेचे संकेतस्थळ बहुधा ‘शेअर्ड होस्टिंग’वर असते. म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे. प्रोसेसर, मेमरी आणि इंटरनेटची जोडणी सर्वांत वाटलेली. गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना ही व्यवस्था नवी नाही. मालगुजारी तलावाचे पाणी गावच्या सगळ्या बांध्यांना जाते. वर्षभरात कोणी किती पाणी घेतले यावरून तंटा होत नाही. रोवणीच्या वेळी पाऊस ताणला की सर्वांना एकाच आठवड्यात पाणी लागते, तंटा तेव्हाचा.

म्हणून ‘दिवसाला किती लोक येतात’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. हिशेब करून पाहू. समजा, अर्जुनी मोरगावच्या एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर रोज १००० जण येतात आणि प्रत्येक जण ५ पाने पाहतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सरासरी १७ सेकंदांना एक पान. एक पान तयार करायला प्रोसेसरला ०.८ सेकंद लागत असले, तरी तो बहुतेक वेळ रिकामाच.

आता प्रवेशयादीचा दिवस. ३०० मुले दहा मिनिटांत प्रत्येकी १० वेळा पान मागतात. ३००० मागण्या, ६०० सेकंद. दर सेकंदाला ५. काम झाले ५ × ०.८ = ४ सेकंदांचे, आणि वाट्याला आहे एक प्रोसेसर! दर सेकंदाला ३ सेकंदांचे काम तुंबते. दहा मिनिटांनी अर्ध्या तासाचे काम शिल्लक राहील. प्रत्यक्षात सर्व्हर त्याआधीच ५०३ किंवा ५०८ हा आकडा दाखवून मागण्या परत पाठवू लागतो. मुले अधीर होऊन पुन्हा बटण दाबतात आणि रांग आणखी वाढते.

पण यादी तर सर्वांना एकच दाखवायची आहे! वर्डप्रेससारखी प्रणाली तेच पान माहितीसाठ्यातून दर वेळी नव्याने रचत बसते. एकदा रचलेले पान साठवून तेच सर्वांना दिले (याला कॅशिंग म्हणतात) आणि त्याला ०.०२ सेकंद लागले, तर काम उरते ५ × ०.०२ = ०.१ सेकंद. तलाव तोच, पाणी पुरले. आमच्या मते हे करून पाहिल्याशिवाय बिऱ्हाड हलवण्याचा विचारही करू नये.

कॅशिंग जिथे चालत नाही तिथे मात्र प्रश्न खरा असतो. प्रवेशअर्ज भरणे, शुल्क भरणे, लॉगिन करून स्वतःचे गुण पाहणे यांत प्रत्येकाचे पान वेगळे. अशा कामांमुळे साध्या दिवशीही नियंत्रण-फलकावरचा प्रोसेसरचा वापर आठवडेच्या आठवडे मर्यादेला टेकत असेल, तर जागा अपुरी पडली असे समजावे.

कधी दोष शेजाऱ्याचा असतो. तो ओळखण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनाही करता येईल. चार ओळींचे एक साधे, स्थिर पान त्याच सर्व्हरवर ठेवा आणि ते उघडायला लागणारा वेळ दिवसातून अनेकदा मोजून आलेख काढा. साधे पान झटकन उघडते आणि बाकीची रेंगाळतात, तर गोम आपल्या रचनेत आहे. साधे पानही रेंगाळते, तर सर्व्हरवर गर्दी आहे किंवा वाटेतली जोडणी मंद आहे. दुसऱ्या जोडणीवरून पुन्हा मोजावे. गर्दीच ठरली, तर कंपनीकडे आधी दुसरा सर्व्हर मागावा.

स्वतंत्र सर्व्हर म्हणजे शेतातली स्वतःची बोडी. पाणी आपले, पण पाळ फुटली तर बांधायचीही आपणच. सुरक्षेच्या सुधारणा, रोजची राखीव प्रत, रात्री बंद पडल्यास पुन्हा सुरू करणे, हे कोण पाहणार? जाणकार शिक्षकाची बदली झाली की मग? एकत्र राहण्यात कमीपणा नाही. गोंदिया जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक व्यवस्थेवर, इतर जिल्ह्यांच्या शेजारीच चालते.

हलवायचेच ठरले तर मे-जूनचे दिवस टाळावेत. संकेतस्थळाचा पत्ता इतर संगणक काही काळ लक्षात ठेवतात. तो काळ दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणावा. सर्व नोंदी नव्या जागी आल्याची खात्री करावी आणि जुनी जागा आणखी आठवडाभर सोडू नये. अर्ज भरणे मात्र हलवाहलवीपुरते बंद ठेवावे, नाहीतर काही अर्ज जुन्या घरीच राहतात.