शंभर वर्षांचा पूर तीनदा कसा येतो?

सांगलीत फील्डवर्कला गेले होते. एका आजींनी घराच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या: २००५, २०१९, २०२१. सगळ्यात वरची २०१९ची. मग म्हणाल्या, "तुमच्यातलेच एक साहेब सांगून गेले, शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर म्हणून. मग मला तीनदा कसा दिसला गं बाळ?" तेव्हा मी काहीतरी पुटपुटले. खरं उत्तर असं आहे.

'शंभर वर्षांचा पूर' हे वेळापत्रक नाही. तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असं नाही. पुढच्या वर्षीही तोच १ टक्का.

आता हा टक्का घराच्या आयुष्यावर पसरवून बघा. आपल्याकडे नदीकाठी दोन पूररेषा आखतात. ढोबळमानाने निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. समजा निळ्या रेषेला अगदी लागून, कायदेशीर बाजूला कोणी घर घेतलं आणि ३० वर्षांचं कर्ज काढलं. दरवर्षी वाचण्याची शक्यता ०.९६. तिचा तिसावा घात केला की ०.२९ येतं. म्हणजे हप्ते संपायच्या आत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता ७१ टक्के! लाल रेषेवरच्या घरालाही २६ टक्के. हे गणित बारावीचं आहे, पण घर विकताना कुणी सांगत नाही.

तरी आजींचा प्रश्न उरतोच. २००५ ते २०१९ हे १५ पावसाळे. त्यात 'शंभर वर्षांचे' दोन पूर येण्याची शक्यता साधारण १ टक्का निघते. २०२१चा धरला तर आणखी कमी. इतकं दुर्दैव मानण्यापेक्षा मी आधी त्या 'शंभर' आकड्यावर संशय घेईन.

कारण तो आकडा मोजलेला नसतो, काढलेला असतो. दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग घ्यायचा, त्यावर गंबेलसारखं वितरण बसवायचं आणि वक्र पुढे ओढायचा. नोंदी पन्नास-साठ वर्षांच्या आणि उत्तर शंभरचं. शिवाय गृहीतक असं, की नदीचं खोरं आणि पाऊस तेव्हा होता तसाच आजही आहे. वर धरणं झाली, पात्रालगत वस्ती वाढली, हे त्या सूत्राला कळत नाही. तुम्ही असं काम करणार असाल तर एक प्रयोग कराच: सर्वांत मोठं एक वर्ष काढून टाका आणि वक्र पुन्हा बसवा. उत्तर किती हलतं ते बघून मला तर घाम फुटला होता. आकड्यासोबत त्याची कमाल-किमान मर्यादा न देणारा अहवाल मी आता अर्धवटच समजते.

नियोजनात याचा उपयोग काय? प्रत्येक गोष्टीला एकच रेषा लावायची नाही. मैदान, बाग, शेती २५ वर्षांच्या पुरात बुडाली तर चालतं. दवाखान्याचा जनरेटर किंवा पाणीपुरवठ्याचे पंप यांना १ टक्कासुद्धा जास्त आहे, कारण नेमके पुरातच ते लागतात.

आणि रेषा कुठे बांधायचं ते सांगते, कधी निघायचं ते नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली, ती गाव सोडून निघालेल्या माणसांची. पाणी चढल्यावर बोटीत गर्दी होणारच. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. शहरासाठी हा एक आकडा ठीक आहे, पण प्रत्येक गल्लीचा फूट वेगळा, आणि तो नकाशात क्वचितच असतो.

आजींना मात्र त्यांचा पाठ होता. "आयर्विनला अठ्ठेचाळीस झालं की माझ्या उंबऱ्याला लागतं. शेहेचाळीसलाच मी गाठोडं बांधते." मी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.