पाणी चोरणारा व्हिलन फुसका?

बाँडप्रेमींच्या कट्ट्यावर ‘क्वांटम ऑफ सोलेस’चं नुसतं नाव काढा, दोन पार्ट्या पडतातच. तुम्ही कुठल्या?

विरोधी पार्टीचा पहिला मुद्दा एडिटिंगचा. सुरुवातीचा कार चेस आठवा. नजर एका गाडीवर स्थिरावेपर्यंत शॉट बदललेला असतो. कोण कुणाला ठोकतंय, पत्ताच लागत नाही. हे मान्य. २००६च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये पोकरच्या टेबलावर नुसत्या नजरेनं टेन्शन यायचं, २००८चा हा सिक्वेल मात्र श्वासच घेत नाही. त्यात हॉलिवूडच्या लेखकांचा संप. डॅनियल क्रेगला सेटवर स्वतः सीन लिहावे लागले, हे त्यानंच नंतर सांगितलं. ते जाणवतंही.

पण ‘व्हिलन फुसका’ म्हणणाऱ्यांशी आपलं जमत नाही बुवा! डॉमिनिक ग्रीनकडे ना लेझर, ना अणुबॉम्ब. तो बोलिव्हियाचं पाणी अडवतो आणि त्यांनाच विकायला निघतो. फिल्मी वाटतं? तिथल्याच कोचाबाम्बा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर वाढले, २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला करार रद्द करावा लागला. टँकरची वाट बघत वाढलेल्यांना तर हा व्हिलन चांगलाच ओळखीचा वाटेल.

अजून पटत नसेल, तर दोन्ही सिनेमे सलग बघा. हा जेमतेम पावणेदोन तासांचा आहे. वेस्परला गमावल्याचा राग ताजा असताना बघितलात, तर बाँड नुसता चिडका वाटत नाही.