ग्लुटामेट-निष्कासन मापन
ग्लुटामेट-निष्कासन मापन : मेंदूतील दोन तंत्रिका कोशिकांच्या संपर्कस्थानी (अनुबंधनात) मुक्त झालेले ग्लुटामेट हे प्रेषक द्रव्य आधार कोशिका किती त्वरेने शोषून घेतात, हे ठरविण्याच्या पद्धती. ॲसिटिलकोलीन या प्रेषक द्रव्याचे अनुबंधनातच एंझाइमाद्वारे विघटन होते. ग्लुटामेटाचे तसे होत नाही. ते विसरणाने पांगते खरे, पण अखेर उचलून न्यावेच लागते. हे काम मुख्यत्वे ताराकृती आधार कोशिकांच्या पटलातील वाहक प्रथिने करतात. ते अडल्यास ग्लुटामेट साचून तंत्रिका कोशिका अतिउद्दीपित होतात व मरतात. जीएलटी-१ या प्रमुख वाहकाचा अभाव असलेले उंदीर १९९७ मध्ये तयार करण्यात आले. ते आकडीच्या प्राणघातक झटक्यांनी दगावले.

किरणोत्सर्गी डी-ॲस्पार्टेट ऊतकात किती शिरते हे मोजणे, ही जुनी पद्धत. वाहक त्यास ग्लुटामेटाप्रमाणेच उचलतात. तीतून एकूण शोषण कळे. मिलिसेकंदांत घडणारी घटना मात्र निसटे. मार्ग सापडला तो वाहकाच्या स्वभावातच. एका ग्लुटामेट आयनाबरोबर तीन सोडियम व एक हायड्रोजन आयन आत येतात आणि एक पोटॅशियम आयन बाहेर जातो. म्हणजे प्रत्येक खेपेस दोन धन भार आत शिरतात व शोषण हे विद्युत् प्रवाहाच्या रूपाने नोंदविता येते. हेलन ब्रू व डेव्हिड ॲटवेल यांनी १९८७ मध्ये सॅलॅमँडराच्या दृष्टिपटलातील आधार कोशिकांत असा प्रवाह मोजला. ड्वाइट बर्गल्स व क्रेग जार यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या हिप्पोकँपस या भागाच्या जिवंत कापांत तंत्रिका तंतू उद्दीपित करून, ताराकृती कोशिकेस जोडलेल्या काचेच्या सूक्ष्मनलिकेतून तो टिपला.

ही नोंद जशीच्या तशी स्वीकारणे मात्र धोक्याचे आहे. तंत्रिका कोशिकांनी सोडलेल्या पोटॅशियमामुळे होणारा प्रवाह तीत मिसळलेला असतो. म्हणून टीबीओए हे रोधक देऊन वाहक बंद करतात व उरलेला प्रवाह वजा करतात. शिवाय ताराकृती कोशिकेच्या असंख्य फांद्यांतून नलिकेपर्यंत येताना प्रवाह मंदावतो. वाहकाची एक खेपही दहा मिलिसेकंदांहून अधिक काळ चालते; परंतु वाहकांची संख्या इतकी मोठी असते की, ग्लुटामेट आधीच बांधले जाऊन अनुबंधन मोकळे होते. यास्तव प्रवाह ओसरण्याचा काळ म्हणजेच निष्कासनाचा काळ, असे समजणे चूक ठरते.

साधनामुळे उत्तर किती बदलते हे कोशिकाबाह्य ग्लुटामेटाच्या संहतीवरून दिसते. ऊतकात नळी खुपसून द्रव काढण्याच्या सूक्ष्म-अपोहन पद्धतीने ती काही मायक्रोमोल प्रतिलिटर येते. मेलिसा हर्मन व जार यांना २००७ मध्ये हिप्पोकँपसच्या कापांत ती सुमारे २५ नॅनोमोल प्रतिलिटर, म्हणजे कित्येक पटींनी कमी आढळली. नळीने होणारी इजा हे या तफावतीचे एक संभाव्य कारण होय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले आयग्लूस्निफर हे प्रतिदीप्त प्रथिन वापरून ग्लुटामेट प्रकाशरूपाने पाहता येते. तथापि तेही ग्लुटामेट बांधून ठेवीत असल्याने निष्कासन काहीसे लांबविते. [⟶ तंत्रिका तंत्र].