‘वुई’ म्हणजे आम्ही कीं आपण ?

नामाची पुनरुक्ति टळावी म्हणून सर्वनाम योजतात, एवढें व्याकरण बहुतेकांस शाळेपासून पाठ असतें. परंतु इंग्रजी सर्वनामें बिनचूक योजावयाचीं, तर केवळ कोष्टकें घोकून भागत नाहीं. आपल्या भाषेंतील कोणते भेद इंग्रजींत नाहींत, हें आधीं जाणलें पाहिजे.

पहिला भेद ‘वुई’चा. मराठींत ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटलें कीं तो सामावतो. गुजरातींत व तमिळांतहि हा भेद आहे. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत संस्कृत ‘आवाम्’सारखें ‘विट्’ हें द्विवचन होतें; तें लोपलें आणि सर्वांस एकटा ‘वुई’ उरला. समजा, परदेशस्थ मुलानें इंग्रजींत कळविलें, ‘वुई काशीस जाणार’. आजी गांठोडें बांधावयास घेईल, आणि त्याच्या मनांत मात्र तो व त्याची पत्नी एवढींच ! अशा ठिकाणीं कोण कोण, तें स्पष्ट लिहावें.

दुसरा ‘यू’चा. जुन्या इंग्रजींत एकास ‘दाऊ’ व अनेकांस ‘यी’ म्हणत. ‘यू’ हें ‘यी’चें कर्मरूप. पुढें तेराव्या शतकापासून थोरांस आदरार्थीं अनेकवचन लावण्याची रीत तेथें पडली, आणि सतराव्या शतकांत ‘दाऊ’ नित्याच्या बोलण्यांतून बहुतांशीं गेला. म्हणूनच एकास उद्देशूनहि ‘यू आर’ असें अनेकवचनी क्रियापद येतें. तात्पर्य, ‘यू’ हा मुळांत ‘तूं’ नव्हे, ‘तुम्ही’ आहे. नातू काकांस ‘यू’ म्हणाला, यांत उद्धटपणा नाहीं. परंतु मराठी बोलतांना त्या ‘यू’चा ‘तूं’ होऊं लागला, तर वडील मंडळींनीं वेळींच सांवरावें.

तिसरा ‘हिज’चा. ‘रामानें गोविंदास आपलें पुस्तक दिलें’ आणि ‘रामानें गोविंदास त्याचें पुस्तक दिलें’, या दोन वाक्यांत पुस्तकाचा धनी निराळा. इंग्रजींत दोहोंकडे ‘हिज बुक’. संशय राहत असेल तेथें ‘हिज ओन’ लिहावें, किंवा नामच पुन्हा घालावें. पुनरुक्ति हा दोष खरा. पण संदिग्धता हा त्याहून मोठा.

उलट, कांहीं नियम इंग्रजीचे स्वतःचे. आपला दगड ‘तो’ व नदी ‘ती’. तेथें निर्जीवांस सामान्यतः ‘इट’. आपला ‘मी’ कर्ता, तर इंग्रजी ‘मी’ कर्म; म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’ हेंच शुद्ध, ‘आय’ नव्हे. शिवाय दुसऱ्याचें नांव आधीं व स्वतःचें शेवटीं, हा तेथील शिष्टाचार.

घरीं मुलांचा अभ्यास घेतांना एक सोपी कसोटी लावावी. प्रत्येक सर्वनामाखालीं रेघ ओढून ‘हें कोणाबद्दल आलें ?’ असें विचारावें. उत्तर एकच निघालें तर वाक्य राहूं द्यावें. दोन निघालीं तर तें पुन्हा लिहवून घ्यावें.