पायाला बूट, की बुटाला पाय?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पूर्वी जेवणाच्या रांगेत बोलणे कशावर चाले? घराचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि भारताच्या तिकिटांचे भाव. हल्ली त्यात एका विषयाची भर पडली आहे, ती म्हणजे धावणे. पन्नाशी ओलांडलेले काका "परवा दहा किलोमीटर केले" म्हणून सांगतात, आणि पैठणी नेसून वरणभात वाढणाऱ्या काकूंच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ दिसते. कुणी दर शनिवारी पार्करनला जाते, कुणाचा एखाद्या धर्मादाय संस्थेतर्फे लंडन मॅरेथॉनमध्ये नंबर लागलेला असतो. चांगलेच आहे! पण मग थोड्याच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो : "अहो, बूट कुठले घेऊ? ते कार्बनवाले घ्यावेत का?"

प्रश्न वाटतो तितका हलका नाही. शर्यतीचे नवे बूट दोनशे-अडीचशे पौंडांना पडतात. एवढ्या पैशात चौघांचा आठवड्याचा बाजार होऊन वर काही उरते. शिवाय बूट चुकला तर नुसते पैसे जात नाहीत, पायाचे नख जाते आणि कधी कधी वर्षभराचे धावणेच जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बोल्टन ते बेळगाव

धावण्याच्या बुटाचा इतिहास आपल्या या देशात फार जवळचा आहे. लँकेशायरमधल्या बोल्टन गावात जोसेफ फॉस्टर नावाच्या माणसाने १८९५ च्या सुमारास खिळ्यांचे धावण्याचे बूट हाताने बनवायला सुरुवात केली. त्याच्या नातवांनी १९५८ साली वेगळी कंपनी काढली, आणि आफ्रिकेतल्या एका हरणाच्या नावावरून तिचे नाव ठेवले रीबॉक. रॉजर बॅनिस्टर ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला चार मिनिटांच्या आत एक मैल धावला, तेव्हा त्याच्या पायात विंबल्डनच्या एका कारागिराने मुद्दाम हलके करून दिलेले बूट होते. २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात त्या जोडाला दोन लाख सहासष्ट हजार पाचशे पौंड आले! त्या शर्यतीत बॅनिस्टरला सुरुवातीची गती लावून देणारा ख्रिस ब्रॅशर, त्यानेच पुढे जॉन डिझ्लीच्या साथीने १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू केली.

इकडे बोल्टनमध्ये बूट शिवले जात होते तेव्हा आपली माणसे कशात धावत होती? १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतले शेतकरी गडी अनवाणी धावत होते, आणि तरी त्यांच्या वेळा पाहून टाटा चकित झाले. यांना ऑलिंपिकला का पाठवू नये, या विचारातून १९२० साली भारतीय चमू अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, म्हणजे नेहमीपेक्षाही लांब. चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. तुमच्या-आमच्यापैकी किती जणांना आजचे अडीचशे पौंडांचे बूट घालून ही वेळ साधेल, याचा विचार करावा!

बूट निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. पण धावतो तो पाय, आणि बूट त्याच्या मदतीला आहे, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, तो काही तत्त्व म्हणून नव्हे. मिळालेला बूट त्याच्या पायाला नीट बसेना, म्हणून! चार वर्षांनी टोकियोला बसणारे बूट मिळाले, ते घालून तो पुन्हा जिंकला.

आपला पाय वेगळा आहे

आपले लहानपण चपलेत गेले, घरात तर अनवाणीच. अशा पायाचा चवडा मोकळा पसरतो. बेल्जियमच्या संशोधकांनी बंगळूरकडच्या अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजून २००९ मध्ये हेच दाखवले : बूट घालणाऱ्यांपेक्षा त्यांचा चवडा रुंद, आणि चालताना भार तळव्यावर अधिक सारखा वाटलेला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे भारतभर लाखभर लोकांचे पाय मोजले. त्यातही भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायापेक्षा रुंद निघाला, आणि म्हणून 'भ' या नावाने स्वतंत्र भारतीय मापे सुचवली गेली.

आणि शर्यतीचा बूट? तो वजन वाचवण्यासाठी नेहमीच्या बुटापेक्षा अरुंद साच्यावर केलेला असतो. बहुधा एकाच रुंदीत मिळतो, आणि वरचे कापड पातळ, जाळीदार, न ताणणारे. म्हणजे आपल्या पायाची आणि त्याची पत्रिका पहिल्यापासूनच जुळत नाही. मग आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. चवडा बसतो खरा, पण टाच आत नाचू लागते, फोड येतात आणि उतारावर पाय पुढे घसरून अंगठ्याचे नख काळेनिळे होते. रुंदीचा प्रश्न लांबीने सुटत नाही. काही कंपन्या 'टू-ई', 'फोर-ई' अशी रुंद मापे ठेवतात. दुकानात ती आपणहून विचारावी लागतात.

त्यात आपल्या दोन जुन्या सवयी आड येतात. एक म्हणजे जून महिन्यात शाळेसाठी 'वाढत्या पायाचे' बूट घेण्याची. चाळिशीनंतर पाय थोडा पसरतो हे खरे, पण वर्षाला एक नंबर वाढत नाही! दुसरी कोल्हापुरी चपलेची. नवी चप्पल चावते, मग तिला तेल पाजायचे, आठवडाभर सोसायचे, की ती पायाला बसते. ते चामड्याचे असते म्हणून. हे कृत्रिम धाग्याचे कापड तसे सैल पडत नाही. दुकानात चावलेला बूट वीस मैलांवरही चावणारच, आणि तेव्हा सोबत तेलाची बाटली नसते.

माप कसे पाहावे

इंग्रजी मापातला एक नंबर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. (आपल्याकडेही आठ जवांचे एक अंगुळ धरत. जवाने दोन्ही संस्कृतींना मापात ठेवले आहे.) भारतातला बाटाचा नंबर आणि इथला नंबर एकाच पद्धतीचा, पण अमेरिकन नंबर पुरुषांच्या बुटात बहुधा एकाने आणि एखाद्या कंपनीत अर्ध्याने मोठा असतो. न्यू जर्सीच्या भावाने सेलमध्ये स्वस्तात घेऊन पाठवलेले 'नऊ नंबर' इथले नऊ नसतात, हे ध्यानात ठेवावे. बुटाच्या जिभेच्या आत सेंटिमीटरमध्ये माप छापलेले असते, ते सर्वांत खात्रीचे.

दुकानात जाताना दुपारनंतर जावे. दिवसभरात पाय थोडा सुजतो, तसाच तो धावतानाही सुजतो. ज्या मोज्यांत धावता तेच मोजे न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाला धरून माप घ्यावे. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. ते बोट अंगठाच असेल असे नाही, पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. करंगळीच्या बाजूने कापड फुगून तळाच्या बाहेर आले तर बूट अरुंद समजावा. लेस बांधून चवड्यावर उभे राहिल्यावर टाच वर सरकता कामा नये. थोडी सरकली तर सर्वांत वरच्या जादा भोकातून लेस ओवून पाहावी, पुष्कळदा तेवढ्याने काम होते. आत हात घालून शिवण कुठे टोचते का तेही चाचपावे. मग दुकानातल्या पट्ट्यावर किंवा बाहेर फुटपाथवर दोन मिनिटे धावावे आणि एक वळण घ्यावे. या बुटांचा तळ उंच आणि मऊ असतो. वळताना घोटा डळमळत असेल तर ओल्या पानांनी भरलेल्या ऑक्टोबरच्या रस्त्यावर तो बूट तुमचा नव्हे.

घरबसल्या मागवलेला माल चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क या देशात कायद्याने आहे. तेव्हा तसा बूट आला तर आधी गालिच्यावर चालून पाहावा. चिखल लागला की मग वाद आला.

वेगाचा हिशेब

आता त्या कार्बनच्या बुटांकडे येऊ. २०१७ साली नायकीने जो बूट बाजारात आणला, त्याच्या नावातच 'चार टक्के' होते. कोलोरॅडोतल्या प्रयोगशाळेत अठरा चांगल्या धावपटूंवर चाचणी झाली, आणि त्याच वेगाने धावायला सरासरी चार टक्के कमी शक्ती लागली. कारण मुख्यतः नवा फेस. पायाने दाबलेल्या शक्तीपैकी तो सुमारे ८७ टक्के परत देतो, जुन्या पद्धतीचा फेस ६५ टक्क्यांच्या आसपास. कार्बनच्या पट्टीचा बोलबाला फार, पण पुढे संशोधकांनी पट्टी करवतीने कापून पाहिली तरी फारसा फरक पडला नाही. वजनाचा हिशेबही ठाऊक असावा. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले की साधारण एक टक्का शक्ती जास्त लागते. या सगळ्यामुळे विक्रम इतके भराभर पडले, की २०२० च्या जानेवारीत जागतिक संघटनेने नियम केला : रस्त्याच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि आत ताठ पट्टी एकच.

पण तो चार टक्क्यांचा आकडा ताशी चौदा ते अठरा किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांचा आहे. त्यांच्यातही कुणाला दोन टक्क्यांच्या आसपास, कुणाला सहा, असा फरक होताच. पुढे दहा आणि बारा किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे तुमच्या-आमच्या वेगाने, चाचण्या झाल्या तेव्हा सरासरी फायदा एक-दीड टक्क्यावर आला, आणि काहींना तर तोटाच झाला! पाच किलोमीटरला अर्धा तास घेणाऱ्या माणसाचा एक टक्का म्हणजे अठरा सेकंद. बूट दोनशे चाळीस पौंडांचा, तर सेकंदाला तेरा पौंडांहून जास्त पडले. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला, तेव्हा त्याचे सुवर्णपदक पाच शतांश सेकंदांनी हुकले. तिथे बुटातला ग्रॅम न् ग्रॅम मोलाचा. आपले सुवर्ण कुठे हुकणार आहे?

तरीही घ्यावेसे वाटले तर खुशाल घ्यावेत, हौसेला मोल नाही. फक्त पारख स्वतः करावी. पार्करन त्यासाठी उत्तम. २००४ साली बुशी पार्कमध्ये तेरा धावकांनिशी सुरू झालेला हा उपक्रम आज गावोगावी आहे. अंतर पाच किलोमीटर, रस्ता तोच, आणि पैसे नाहीत. चार शनिवार घ्या. पहिला आणि चौथा जुन्या बुटांत, मधले दोन नव्या बुटांत, म्हणजे तब्येत सुधारल्याचे श्रेय बुटाला जाणार नाही. दम सारखाच ठेवा, ठोके पाहा, वेळ लिहा. एकाच शनिवारी तीस सेकंद वाचले म्हणून हुरळून जाऊ नये. वारा, चिखल आणि शुक्रवारच्या रात्रीची बिर्याणी यांचा फरक त्याहून मोठा असतो. वेळेबरोबर हेही लिहा : दुसऱ्या दिवशी पोटरी दुखली का? बोट बधिर झाले का? नख दुखले का? शर्यतीआधी एकदा तरी लांब पल्ल्यालाही ते बूट घालून पाहावेत. पण रोज नको. २०२३ साली डॉक्टरांनी असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायाच्या मधल्या हाडाला ताणाने झालेल्या दुखापती नोंदवल्या आहेत. नव्या बुटांची सवय हळूहळूच करावी.

शेवटची गोष्ट थोडी गंभीर. मधुमेहाचा धोका आपल्या दक्षिण आशियाई लोकांना इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा दोन ते चार पट आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. बूट चावतो आणि कळत नाही, फोडाची जखम होते आणि ती लवकर भरत नाही. अशा मंडळींनी 'मला तर बरा वाटतो' यावर विसंबू नये. धावून आल्यावर मोजे काढून तळवा आरशात पाहावा, आणि एनएचएसची वर्षाची पायतपासणी चुकवू नये. आईवडील भारतातून आले की आपण त्यांना हौसेने इथले बूट घेऊन देतो. त्यांनाही हेच सांगावे, आणि घेताना रंगाआधी रुंदी पाहावी.

तेव्हा मंडळी, बूट पायाला बसला पाहिजे. पाय बुटात बसवायला गेलो की दोन्ही वाया. बसणारा जोड साठ पौंडांचा, मागच्या वर्षीचा, सेलमधला असला तरी चालेल. तो चावत नाही म्हणून तुम्ही पुढच्या शनिवारी पुन्हा याल, आणि पुन्हा पुन्हा येण्यानेच वेग वाढतो. हा फायदा एक-दोन टक्क्यांचा नाही, पुष्कळ मोठा आहे!